‘पंच’ नांवाचें पेय आणि वाग्भटाचें पंचसार पानक

शिवराज्याभिषेकाच्या प्रसंगीं रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झेंडेनच्या वकिलातीची हकीगत ज्या ग्रंथांत आली आहे, तो डॉक्टर जॉन फ्रायर याचा प्रवासग्रंथ इतिहासप्रेमी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. हा गृहस्थ इ. स. १६७३ त कंपनीचा शस्त्रवैद्य म्हणून हिंदुस्थानांत आला. मुंबईस राहिला, वैद्यकीच्या कामानें जुन्नरास जाऊन आला, गोवें व कारवार त्यानें पाहिलें. आणि स्वदेशीं परतल्यावर १६९८ त त्यानें आपला वृत्तान्त पत्ररूपानें छापविला. आपले अभ्यासक या ग्रंथांतून राज्याभिषेक घेतात, जुन्नर घेतात. गोव्याच्या प्रकरणांतील एक वाक्य मात्र बहुधा कोणी घेत नाहीं. त्यांत तो सांगतो कीं, नेरूळ या गांवीं उत्तम अरक निघतो, आणि त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज लोक शरीर शिथिल करणारें एक पेय तयार करतात. त्या पेयाचें नांव तो ‘पॉंच’ असें लिहितो, आणि हा हिंदुस्थानी भाषेंतील पांच या संख्येचा शब्द असून पेयांत पांच द्रव्यें पडतात म्हणून तें नांव मिळालें, अशी उपपत्ति देतो.

या एका वाक्यावर अलीकडे बरीच मोठी इमारत उभारली गेली आहे. युरोप-अमेरिकेंत ज्यास कॉकटेल म्हणतात तें मिश्रपेयांचें सर्व कुळ या ‘पंच’ पेयापासून निघालें. ‘पंच’ हा तर संस्कृत शब्द. आणि वाग्भटांत पंचसार नांवाचें फळांचें पानक आहेच. तस्मात् कॉकटेल हें मूळचें आमचें, असा हा अनुमानाचा क्रम आहे. आमच्या उमरखेडासारख्या आडगांवींही हें प्रतिपादन व्याख्यानांतून आमच्या कानीं आलें आहे, आणि त्यास टाळ्याही चांगल्या पडतात. टाळ्यांनीं प्रमेय सिद्ध होत नसल्यामुळें या क्रमांतील एकेक दुवा स्वतंत्रपणें तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम काळाचा दुवा घेऊं. फ्रायर हा या शब्दाचा पहिला साक्षी नव्हे. त्याच्या चाळीस वर्षें आधीं, इ. स. १६३२ त, रॉबर्ट ॲडम्स नांवाच्या इंग्रजानें टॉमस कॉली या कंपनीच्या नोकरास लिहिलेल्या पत्रांत तो आला आहे. कॉली त्या वेळीं पूर्व किनाऱ्यावर, पेटापोलीच्या वखारींत होता. पत्रांत शब्द असा सहज पडला आहे कीं लिहिणारास व वाचणारास तो नित्याचा असला पाहिजे. त्याचा अर्थ सांगितलेला नाहीं, पांच या संख्येचा तर वासही नाहीं. सहा वर्षांनीं, १६३८ त, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस आला. तेथील इंग्रजांच्या पानगोष्टींत त्यास ‘पालेपुंट्झ’ नांवाचें पेय आढळलें. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर हीं त्याचीं द्रव्यें तो सांगतो. ला बुलाय ल गूझ या फ्रेंच प्रवाशाचा ग्रंथ १६५३ त निघाला. त्यांत हेंच नांव ‘बोलपोंज’ असें आहे आणि तो शब्द इंग्रजी आहे असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे. त्याचीं द्रव्यें साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलें बिस्किट. औरंगजेबाच्या काळांतील सुप्रसिद्ध फ्रेंच वैद्य बर्निये बंगालच्या वर्णनांत ‘बूलपोंज’ सांगतो. अरक, लिंबाचा रस, पाणी, आणि वर किसलेलें थोडें जायफळ. हें पेय जिभेस बरें पण देहास घातक, असा त्याचा अभिप्राय आहे. (फ्रायर व बर्निये हे दोघेही वैद्य, दोघांचाही या पेयाविषयीं अभिप्राय वाईट, ही गोष्ट व्याख्यानांतून सहसा सांगितली जात नाहीं.) या विचित्र नांवांतील ‘पाले’, ‘बोल’, ‘बूल’ हा पहिला भाग म्हणजे इंग्रजीतील वाडग्याचा शब्द होय. वाडगाभर पंच मागविण्याची इंग्रजांची रीत ऐकून परकीयांनीं दोन शब्दांचा एक केला.

आतां मुंबईची साक्ष. फिलिप अँडरसन या पाद्र्यानें पश्चिम हिंदुस्थानांतील इंग्रजांचा जो इतिहास लिहिला, त्यांत मुंबई सरकारच्या हुकूमनाम्यांतील १६९४ चा एक नियम दिला आहे. खानावळींत पंच प्यावयास येणाऱ्या गिऱ्हाइकास एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा रत्तल साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घेऊन आपलें पंच आपण स्वतः तयार करण्याचा हक्क आहे, असा त्याचा आशय. आमच्या मतें या सर्व साक्षींत ही अत्यंत मोलाची. प्रवाशाच्या ऐकीव माहितीहून सरकारी नियम अधिक भरंवशाचा, हें एक कारण; आणि दुसरें असें कीं, द्रव्यांचें प्रमाण सांगणारा हा पुरावा आपल्याच किनाऱ्यावरील आहे. अरक गोव्याचा, खानावळ मुंबईची. पेय इंग्रजांचें खरें, पण तें सिद्ध झालें तें कोंकणपट्टीच्या मालावर, याविषयीं शंका राहत नाहीं.

परंतु मोजून पाहिलें तर या नियमांत द्रव्यें तीन आहेत. पाणी धरलें तर चार. मांडेल्स्लोचीं चार, बर्नियेचीं चार. पांच भरतात तीं एकट्या ला बुलाय ल गूझचीं, आणि त्याला तर नांवांत पांच आहे याची गंधवार्ता नाहीं. ज्याला ती आहे त्या फ्रायरनें द्रव्यांचीं नांवेंच दिलीं नाहींत. उलट, पांच द्रव्यांच्या औषधास युरोपांतील वैद्य ‘डायापेंटे’ म्हणतात आणि चारांच्या औषधास ‘डायाटेसॅरॉन’, तसलेंच हें नांव, असें तो पुढें लगेच लिहितो. येथें त्याचें मन उघडें पडतें. आपल्याकडे वैद्यानें पंचकोल, त्रिकटु, त्रिफळा म्हणावें, त्याच रीतीनें हा शस्त्रवैद्य पेयाच्या नांवाकडे पाहत आहे. उपपत्ति सुंदर आहे. वैद्यास सुचावी अशीच आहे. परंतु ती शब्दाच्या जन्मानंतर निदान चाळीस वर्षांनीं सुचलेली आहे.

ध्वनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सतराव्या शतकांत इंग्रज लोक आपल्या ‘पंच’ शब्दांतील स्वर ‘उ’सारखा उच्चारीत, म्हणून तो ‘पंच’ या संख्येशीं नीट जुळत नाहीं, असा आक्षेप इंग्रजी कोशकारांनीं घेतला आहे. आणि दारूच्या पिंपाला इंग्रजींत ‘पंचन’ असा शब्द होता त्याचा हा संक्षेप असावा, अशी दुसरी उपपत्तिही पुढें आली आहे. जुन्या फ्रेंचांचें ‘पोंज’ व जर्मनाचें ‘पुंट्झ’ या आक्षेपास अनुकूल दिसतात. शिवाय संख्येपासूनच नांव आलें असें धरलें तरी कोणत्या भाषेंतील संख्येपासून? संस्कृत ‘पंच’ हा वखारींतील कोणाच्या तोंडचा शब्द नव्हे. फारशी ‘पंज’ होता, हिंदुस्थानी व गुजराती ‘पांच’ होता, आणि आमचा मराठी ‘पांच’ होता. फ्रायरच्या लिहिण्यांत जो दीर्घ स्वर आहे तो ‘पंच’ला जवळ नसून ‘पांच’ला जवळ आहे. ज्या पेटापोलीस १६३२ चें पत्र गेलें तेथील लोकभाषा तेलुगु. तींत पांचास ‘ऐदु’ म्हणतात. तेव्हां नांव संख्येवरून आलें असल्यास तें सुरतेच्या बाजूनें बाजारच्या बोलीवाटे आलें, असें मानावें लागेल. बाजारचा ‘पांच’ हा संस्कृत ‘पंच’चाच वंशज, हें कोण नाकारतो? पण पणतवानें केलेल्या व्यवहारावर पणजोबाची सही दाखविणें हें दस्तऐवज वाचणाऱ्या मंडळींस शोभत नाहीं.

पुढील इतिहास युरोपाचा व अमेरिकेचा असून तो येथें संक्षेपानेंच देतों. कंपनीच्या गलबतांतून हें पेय विलायतेस गेलें. अरक महाग व दुर्मिळ, म्हणून वेस्ट इंडीज बेटांतील उसाची रम त्याच्या जागीं आली. मोठ्या वाडग्यांतून सर्वांनीं मिळून पिण्याची चाल हळूहळू मागें पडली आणि एकेकट्याच्या पेल्यांत मिश्रण करण्याची चाल पडली. अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांताच्या हडसन गांवच्या एका पत्रानें १८०६ त वाचकाच्या शंकेस उत्तर देतांना ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली, दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. द्रव्यें पुनः चारच, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या शब्दाचा शब्दशः अर्थ कोंबड्याचें शेपूट. तो पेयास कां लागला याविषयीं जितकीं तोंडें तितक्या कथा आहेत आणि त्यांतील एकही आम्हांस विचारांत घेण्याजोगी वाटली नाहीं. जेरी टॉमस या अमेरिकन पानगृहवाल्यानें १८६२ त मिश्रपेयांवर जो पहिला नामांकित ग्रंथ छापला, त्याचा आरंभ ‘पंच’ या प्रकरणानें होतो व त्यांत अरकाच्या पंचासही जागा आहे. एवढ्यावरून पंच हें कॉकटेलचें पूर्वज होय हा दुवा मात्र पक्का धरण्यास हरकत नाहीं.

फसफसणारें पेय ही आणखी अलीकडची गोष्ट. इंग्लंडांत लीड्स येथें दारूच्या भट्टीशेजारीं राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टलेनें १७६७ त पाण्यांत वायु मिसळून पाहिला; जिनीव्हाच्या श्वेप्पनें १७८३ त त्याचा व्यापार सुरू केला; आणि पुढें हें पाणी व फेसाळ शँपेन ही दोन्हीं पंचाच्या वाडग्यांत पडूं लागलीं. आपल्याकडे या विद्येची आठवण राहिली ती गोटीच्या बाटलीनें. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ त तिचा हक्क नोंदविला. बाटलींतील वायूचाच दाब कांचेची गोटी गळ्याशीं असलेल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो आणि अंगठ्यानें गोटी आंत ढकलली कीं पाणी मोकळें होतें. मुंबईंत दिनशाजी पांडोळे या पारशी गृहस्थानें १८८९ त सोड्याचा कारखाना काढला व त्यास क्रिकेटच्या चेंडूवरील ‘ड्यूक’ हें नांव दिलें. सोडा, लिंबू, साखर व मीठ यांचें जें पेय आज आमच्या बाजारांत मिळतें, त्यांतून अरक तेवढा वजा आहे. लिंबू व साखर हे तर १६९४ च्या नियमांतीलच जिन्नस आहेत, हें पाहून गंमत वाटते.

आतां स्वगृहाकडे वळूं. मिश्रपेयांच्या बाबतींत आपलें वाङ्मय दरिद्री नाहीं. तें इतकें संपन्न आहे कीं उसनी कीर्ति मिळविण्याची त्यास गरज नाहीं. पाहुण्याच्या पूजेंतील मधुपर्क हें दहीं व मध यांचें मिश्रणच होय. मध नसल्यास तूप घ्यावें असें आश्वलायन सांगतो. कौटिल्याच्या सुराध्यक्षप्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु हे सहा प्रकार त्यांच्या मापांसह आहेत, आणि आंब्याच्या रसाची सहकारसुराही आहे. चरकानें आसवांची गणना चौऱ्यायशी केली आहे: धान्यांचे ६, फळांचे २६, मुळांचे ११, सारांचे २०, फुलांचे १०, कांडांचे ४, पानांचे २, सालींचे ४ आणि साखरेचा १. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या शके १०५१ च्या मानसोल्लासांत पानीयभोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे. आणि ज्या ‘पानक’ शब्दाविषयीं आपण बोलत आहों, तोच झिजून आपलें ‘पन्हें’ झालें आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास ज्या घरीं आंब्याची डाळ वाटतात त्या घरीं तो शब्द जिवंत आहे.

परंतु येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आसव, अरिष्ट, सहकारसुरा या सर्वांचें तत्त्व संधान हें आहे. द्रव्यें एकत्र घालून भांडें मुद्रित करावयाचें, किण्वानें अगर धायटीच्या फुलांनीं आंतल्या आंत तीं आंबवावयाचीं, आणि जें एकरूप होऊन निघेल तें प्यावयाचें. पानकांत आंबविणें नाहीं व मद्यही नाहीं. पंचाचें तत्त्व या दोहोंहून निराळें: ऊर्ध्वपातनानें काढलेलें तयार मद्य घेऊन पितेवेळीं त्यांत आंबट, गोड व पाणी मिसळावयाचें. मुंबईच्या नियमांत गिऱ्हाइकानें आपलें पंच आपण करावें असें जें म्हटलें आहे तें याचें गमक होय. म्हणून पंचाचें साम्य शोधावयाचें तर तें संधानांत व पानकांत न शोधतां, तयार मद्यांत पितेवेळीं कांहीं मिसळण्याचा जेथें विधि असेल तेथें शोधलें पाहिजे.

असा विधि आहे, आणि तो व्याख्यातृवर्गाच्या दृष्टीस कसा पडला नाहीं याचें आश्चर्य वाटतें. चरकाच्या चिकित्सास्थानांत मदात्ययाचा, म्हणजे अतिपानानें होणाऱ्या विकाराचा, अध्याय आहे. त्यांत पित्तप्रधान मदात्ययासाठीं सांगितलें आहे कीं, मद्यांत भव्य, खजूर, द्राक्ष, फालसा व डाळिंब यांचे रस घालावे, साखर घालावी, तें थंड करावें, वर सातूचें पीठ भुरभुरावें आणि पुष्कळ पाणी मिसळून योग्य वेळीं रोग्यास द्यावें. मद्य, आंबटगोड फळांचा रस, साखर, पाणी. आणि ला बुलायच्या वाडग्यांत जेथें भाजलेलें बिस्किट आहे तेथें सातू. साम्य इतकें आहे कीं क्षणभर मन भुलतें. तरीही तें साम्यच होय. चरकाच्या या योगापासून सुरतेच्या वखारीपर्यंत येणारी परंपरा कोणी दाखविलेली नाहीं. आणि उष्ण देशांत तीव्र मद्य पाण्यानें, लिंबानें व साखरेनें सौम्य करून घेण्याची बुद्धि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें होणें अशक्य मुळींच नाहीं. शिवाय चरकाचा रोगी हा अगोदर पिऊन आजारी पडलेला आहे, ही गोष्ट कीर्ति सांगतांना गाळूं नये.

राहतां राहिलें पंचसार. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत, ऋतुचर्येच्या तिसऱ्या अध्यायांत, ग्रीष्माच्या आहारविहारांत तें सांगितलें आहे. कोऱ्या मातीच्या भांड्यांत ठेवलेलें हें आंबटसर पानक मातीच्याच शिंपांनीं प्यावें. पाटलेच्या फुलांनीं वासविलेलें, कापूर घातलेलें गार पाणी घ्यावें. हें सर्व वर्णन वाचतांना वऱ्हाडच्या वैशाखांत देखील जीव थंड होतो. त्याच ठिकाणीं वाग्भट बजावतो कीं उन्हाळ्यांत मद्य पिऊं नये. प्यालेंच तर अगदीं थोडें, अगर पुष्कळ पाणी घालून. म्हणजे पंचसार हें मद्याचें भावंड नसून मद्याच्या ऐवजीं सांगितलेलें पेय आहे. तें कॉकटेलचें मूळ ठरविणारांनीं मागचापुढचा श्लोक वाचला असता तर बरें झालें असतें. दुसरें, ‘पंचसार’ या नांवाचाच एक अगदीं निराळा योग वैद्यकांत विषमज्वरासाठीं आहे. त्यांत तापविलेलें दूध, साखर, पिंपळी, मध आणि तूप हीं पांच असतात. एकाच शास्त्रांत, एकाच नांवाखालीं, एकाही समान द्रव्यावांचून दोन पेयें नांदत असतां, केवळ पांचाच्या नांवावरून समुद्रापलीकडील तिसऱ्याशीं सोयरीक जुळविणें किती धाडसाचें आहे हें यावरून उघड होईल.

मग वाग्भटाच्या पंचसाराचें महत्त्व काय? आमच्या मतें तें पुष्कळ आहे, पण निराळ्या कारणानें, आणि येथें आमच्या या प्रांताचा संबंध येतो. टीकाकारांनीं दिलेल्या व्याख्येप्रमाणें यांतील पांच द्रव्यें द्राक्ष, मधूक, खजूर, काश्मर्य म्हणजे शिवण, आणि परूषक म्हणजे फालसा हीं होत; तीं सम भाग घेऊन, पाण्यांत कुसकरून, गाळून, थंड करून कापरानें सुवासित करावयाचीं. मधूक म्हणजे मोह. उमरखेडाच्या दक्षिणेस पैनगंगेकाठीं जें जंगल आहे त्यांत मोहाचीं झाडें विपुल आहेत. फाल्गुन-चैत्रांत पहाटे फुलें गळतात आणि उन्हें वर येण्याच्या आंत आंध, गोंड, कोलाम मंडळी सहकुटुंब तीं वेचून आणतात व वाळवितात. शहरच्या लोकांस मोह ठाऊक आहे तो हातभट्टीच्या दारूमुळें. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें या फुलांच्या सांठ्यावर व वाहतुकीवर निर्बंध होते. ते २०२१ त शिथिल झाले. परंतु भट्टींत जाण्यापूर्वीं हें फूल म्हणजे नुसतें गोड अन्न आहे, आणि दुष्काळांत त्यानें पुष्कळांचे जीव वांचविले आहेत. तें फूल द्राक्ष-खजुराच्या पंक्तीस, श्रीमंतांच्या ग्रीष्मपानकांत, मद्याच्या ऐवजीं घेण्याच्या पेयांत बसलेलें असेल, तर अरण्यवासी लोकांच्या या अन्नाचा मान नागर वैद्यकांत काय होता याचा तो मोठाच पुरावा होईल.

‘असेल तर’ असें आम्ही म्हणतों तें बुद्ध्याच. कारण दीर्घ ‘मधूक’ म्हणजे मोह, पण ऱ्हस्व ‘मधुक’ म्हणजे ज्येष्ठमध. आणि ज्येष्ठमध हें देखील दाह व तृषा शमविणारें असून द्राक्षाबरोबर वैद्यकांत पदोपदीं येतें. छंदावरून निर्णय करूं पाहावें तर तोही मार्ग बंद आहे. या व्याख्येच्या श्लोकांत तें अक्षर पहिल्या चरणांत चौथें पडतें, आणि अनुष्टुभांत त्या जागीं लघुगुरूचा निर्बंध नाहीं. अर्थावरून आमचा कल मोहाकडे आहे. बाकीचीं चारही द्रव्यें फळें असून रसाळ वा गरयुक्त आहेत. पाण्यांत कुसकरून गाळावयाच्या अशा पेयांत गोड मांसल फूल शोभतें, सम भागानें कठीण मूळ शोभत नाहीं. चरकाच्या दहा पुष्पासवांतही मधूक आहेच. तथापि कल म्हणजे निर्णय नव्हे, आणि छापील प्रती येथें एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाहींत. मुद्रणांत ऱ्हस्वदीर्घ किती वेळां सुधारलें व किती वेळां बिघडविलें जातें हें मुद्रितें तपासलेल्यास सांगावयास नको.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंति आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा तर सर्वत्र पसरलेली आहे. आपल्याकडील वैद्यघराण्यांच्या दप्तरांत या दोहोंच्या सुट्या पानांचे गठ्ठे सांपडतात आणि सनदा-महजर नसल्यामुळें ते बाजूस पडतात. ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल त्यांनीं सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांतील ग्रीष्मचर्येचें पान काढून पंचसाराच्या व्याख्येंत ‘धु’ आहे कीं ‘धू’ हें पाहावें. मोडींतील उतारा या कामीं निरुपयोगी समजावा, कारण मोडींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाहीं. मोडी मूळावरून उतरलेली बाळबोध प्रत असल्यास तीही संशयास्पद. तेलुगु, कन्नड व ग्रंथ या लिपींतील पोथ्यांत हा भेद स्पष्ट राहतो, म्हणून तंजावराकडील प्रती विशेष मोलाच्या ठरतील. केवळ एक अक्षर पाहूनही थांबूं नये. तोच लेखक इतरत्र, जेथें ज्येष्ठमधच निश्चित अभिप्रेत आहे अशा ठिकाणीं, तो शब्द कसा लिहितो हें दोनचार पानांवर ताडून पाहावें; कारण कित्येक लेखक दोन्हीही शब्द एकाच उकारानें लिहितात व त्यांची साक्ष कोणत्याच बाजूस जात नाहीं. लिपि, पोथीचा शक, लेखकाचें नांव व गांव, टीका कोणती, आणि तें अक्षर, इतकें कळविलें तरी पुरे होईल.